जुना रेकॉर्ड चेंजर: पारख कशी करावी, चालता कसा करावा

रेकॉर्ड चेंजर म्हणजे रेकॉर्डींची चळत लावली की एकेक आपोआप वाजवणारं यंत्र. त्याचं नाव काढलं की बरेच जाणकार नाक मुरडतात. 'रेकॉर्डी खरवडतो', 'एकावर एक आपटतो', 'शोभेला ठेवा, पण चांगली रेकॉर्ड त्यावर लावू नका' असं नव्या माणसाच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडतं. मी बरीच वर्षं ही यंत्रं उघडतोय, साफ करतोय आणि रोज त्यांवर ऐकतोय. माझं मत असं की ही बदनामी कमावली स्वस्तातल्या चेंजरांनी, जड कार्ट्रिजांनी (सुई ज्यात बसते आणि जो तिची थरथर विजेच्या संकेतात बदलतो तो भाग) आणि झिजून गेलेल्या सुयांनी, आणि ती चिकटली सगळ्यांनाच. चांगल्या घडणीचा, नीट साफ केलेला चेंजर आजही रेकॉर्डला जपून वाजवतो. पहिलाच चेंजर घेणाऱ्याने काय पाहावं, काय उघडावं आणि कशाला हात लावू नये, ते पुढे क्रमाने सांगतो.

हे यंत्र जन्मलं कशासाठी

78 च्या गतीची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, दहा इंची रेकॉर्ड एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजायची, बारा इंची चार-पाच मिनिटं. चाळीस मिनिटांची सिम्फनी ऐकायची तर आठ-दहा बाजू लागत, म्हणजे तितक्या वेळा खुर्चीतून उठावं लागे. रेकॉर्डींची चळत लावावी आणि यंत्राने एकेक खाली सोडावी, ही कल्पना या गैरसोयीतून आली. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने 1927 मध्ये आपल्या ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोलाची स्वयंचलित आवृत्ती बाजारात आणली. केपहार्ट कंपनीची यंत्रं तर रेकॉर्ड उलटवून दुसरी बाजूही वाजवायची.

1948 मध्ये कोलंबियाने 33⅓ च्या गतीची एलपी आणली आणि एक बाजू वीस मिनिटांच्या पुढे गेली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने 45 च्या गतीची सात इंची रेकॉर्ड काढली आणि तिच्यासाठी खास चेंजरही दिला. त्या रेकॉर्डचं मधलं भोक दीड इंचाचं ठेवलं, कारण रेकॉर्डी सोडण्याची सगळी करामत जाड स्पिंडलच्या, म्हणजे रेकॉर्ड अडकवायच्या मधल्या खांबाच्या, पोटात बसवायची होती. आजही 45 च्या रेकॉर्डीचं भोक मोठं दिसतं ते चेंजरमुळेच.

जुने दोन रेकॉर्डींचे संच हाताळताना आणखी एक खूण दिसेल. पहिल्या रेकॉर्डवर बाजू 1 आणि 4, दुसरीवर 2 आणि 3. छापताना काही चुकलेलं नाही, तो संच चेंजरसाठी काढलेला आहे. आधी 1 वाजते, तिच्यावर 2 पडते, मग पूर्ण चळत एकदाच उलटली की 3 आणि 4 ओळीने वाजतात. तीन रेकॉर्डींच्या संचात हीच जोडी 1-6, 2-5, 3-4 अशी असते.

तक्रारी कितपत खऱ्या

सगळ्यांत मोठा आरोप रेकॉर्डी खराब करण्याचा. तो खरा कधी ठरतो हे समजायला आतली एक छोटी गोष्ट माहीत हवी. रेकॉर्ड संपली हे यंत्राला कळतं कसं? बहुतेक चेंजरांत थाळीच्या मध्याशी, खालच्या अंगाला, एक उंचवटा असतो. टोनआर्म, म्हणजे टोकाला सुई असलेला दांडा, आत सरकतो तशी त्याला जोडलेली एक हलकी खिटी त्या उंचवट्याकडे सरकत जाते. गाणं वाजत असताना सुई एका फेऱ्यात मिलिमीटरचा दहावा हिस्सा वगैरे आत जाते, त्यामुळे दर फेऱ्याला उंचवटा खिटीला हळूच मागे ढकलतो आणि काही घडत नाही. शेवटच्या मोकळ्या चरात मात्र सुई एका फेऱ्यात कित्येक मिलिमीटर आत ओढली जाते. खिटी एकदम पुढे येते, उंचवट्यात अडकते आणि मोठ्या दातेरी चाकाला धक्का देते. त्या चाकाचे दात एका जागी तोडलेले असतात म्हणून एरवी ते थाळीशी गुंतत नाही. धक्का बसला की गुंततं, बरोबर एक फेरा पूर्ण करतं आणि पुन्हा त्या तुटक्या जागेवर येऊन थांबतं. त्या एका फेऱ्यात टोनआर्म उचलणं, बाहेर नेणं, रेकॉर्ड सोडणं, आकार ओळखणं आणि सुई उतरवणं हे सगळं उरकतं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी तासभर थाळी हाताने फिरवत बसलो होतो.

आता आरोपाकडे या. खिटी ढकलायचं काम शेवटी सुईलाच करावं लागतं. स्वस्त यंत्रांत हे सांधे ओबडधोबड असायचे, त्यांना हलवायला जोर लागायचा आणि सुई चरातून उडू नये म्हणून तिच्यावर वजन जास्त ठेवावं लागायचं. 1950 च्या दशकातल्या क्रिस्टल कार्ट्रिजांवर आठ-दहा ग्रॅम दाब ही सर्रास गोष्ट होती. त्यात सुई वर्षानुवर्षं बदलायचीच नाही, ही घरोघरची सवय. तेव्हा रेकॉर्ड खरवडली जायची ती दाबाने आणि झिजलेल्या सुईने. तीच सुई तेवढ्याच दाबाने साध्या टर्नटेबलवर असती तरी तेच झालं असतं. याउलट चांगल्या चेंजरांत या सांध्यांवर खूप मेहनत घेतलेली दिसते. जर्मनीतल्या डुअल कंपनीची 1960 च्या दशकातली वरच्या दर्जाची यंत्रं एखाद-दीड ग्रॅम दाबावरही रेकॉर्ड संपल्याचं बिनचूक ओळखतात. गॅरार्ड कंपनीच्या लॅब 80 या यंत्रात तर या कामासाठी चुंबक वापरला होता.

दुसरा आरोप रेकॉर्डी एकमेकींवर पडण्याचा. रेकॉर्ड खाली येते ती सपाट आणि हवेच्या गादीवरून, त्यामुळे पडण्याचा धक्का वाटतो त्याहून बराच कमी असतो. शिवाय 1950 च्या दशकातच आरसीएने एलपीची कड आणि लेबलचा भाग किंचित जाड ठेवायला सुरुवात केली, म्हणजे दोन रेकॉर्डींचे चर एकमेकांना टेकूच नयेत. इतरांनीही हाच मार्ग धरला. तरीही धूळ असेल तर ती दोन रेकॉर्डींच्या मध्ये दळली जाते, हे मान्यच करावं लागेल. शेलॅकच्या, म्हणजे लाखेपासून बनवलेल्या, 78 च्या रेकॉर्डींबाबत तर मी स्वतः चळत लावतच नाही. त्या ठिसूळ असतात, वजनदार असतात आणि त्यांना अशी उंच कडही नसते.

तिसरा आरोप कोनाचा. चळत वाढते तसा टोनआर्म वर उचलला जातो आणि सुईचा कोन बदलतो. सहा एलपींची जाडी साधारण बारा मिलिमीटर धरली आणि टोनआर्म वीस सेंटिमीटरचा धरला, तर फरक साडेतीन अंशांच्या आसपास येतो. बारीक कानाच्या माणसाला वरच्या सुरांत थोडा फरक जाणवेल, पण रेकॉर्डचं त्याने काही बिघडत नाही. डुअलच्या 1219 आणि 1229 या यंत्रांत यावरही तोड आहे. एक खटका फिरवला की टोनआर्मचा पायाच वर-खाली होतो, एकेरी रेकॉर्डसाठी वेगळी उंची आणि चळतीसाठी वेगळी.

कुठलं यंत्र घ्यावं

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये सांक्ट गेऑर्गन नावाचं छोटं गाव आहे. डुअल तिथली आणि पर्पेच्युम-एबनरही तिथलीच. डुअलची 1019, 1219, 1229 ही यंत्रं माझ्या मते नवख्यासाठी सर्वांत भरवशाची. थाळी तीन किलोंहून जड, टोनआर्म समतोल, जोडकाम काटेकोर. दुरुस्तीची माहिती भरपूर सापडते आणि सुटे भागही अजून मिळतात. जर्मनीतल्याच कील शहरातल्या एलाक कंपनीचा मिराकॉर्ड 50एच हाही याच तोडीचा. त्यात पाप्स्ट कंपनीची, गती स्थिर राखणारी हिस्टेरेसिस मोटर असते आणि पुढे बटणांची ओळ. बटण दाबल्यावरची हालचाल इतकी शांत असते की पाहत राहावं.

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्डने सगळ्या थरांतली यंत्रं काढली, म्हणून नुसतं नाव पाहून घेऊ नये. टाइप ए, लॅब 80, एसएल 95 ही चांगली. 1971 चा झिरो 100 हा फार हुशार डोक्यातून आलेला, त्यात टोनआर्म आत जाताना कार्ट्रिजची दिशा बदलत राहते आणि ती चराला समांतर राहते. पण त्या जोडणीत सांधे जास्त, म्हणून पहिलं यंत्र म्हणून तो घ्या असं मी कुणाला सांगणार नाही.

बीएसआर हे नाव बदनामीच्या केंद्रस्थानी आहे. बर्मिंगहॅमजवळच्या या कारखान्याचे चेंजर डान्सेटसारख्या असंख्य पेटी-प्लेयरांत बसले. ते स्वस्त होते, थाळी हलकी होती, घरघर ऐकू यायची. पण यंत्रणा साधी आणि दणकट, थोडक्या भागांत सगळं भागवलेलं. उघडून शिकायचं असेल तर मोनार्कसारखा बीएसआर उत्तम गुरू आहे. त्यावर दुर्मिळ रेकॉर्डी लावू नका, एवढंच. अमेरिकेतल्या बेंटन हार्बरचे व्हॉइस ऑफ म्युझिकचे चेंजर या दोन टोकांच्या मधले, मजबूत आणि दुरुस्तीला सोपे.

घेण्याआधी

पहिलं म्हणजे स्पिंडल आहे का पाहा. डुअल, मिराकॉर्ड अशा यंत्रांची चळतीची उंच स्पिंडल वेगळी काढता येते, आणि गेल्या पन्नास वर्षांत निम्म्या घरांत ती हरवलेलीच असते. ती नसेल तर हातात येतो तो साधा टर्नटेबल. स्पिंडल असेल तर तिची तीन बारीक बोटं आत-बाहेर होतात का, तेही पाहा. गॅरार्ड आरसी 80 सारख्या जुन्या यंत्रांत वाकडी स्पिंडल आणि बाजूला रेकॉर्डची कड टेकायला फळी असते. तिथे स्पिंडल मूळचीच वाकडी असते, ती कुणी 'सरळ' करून ठेवलेली नाही ना याची खात्री करा.

दुसरं, वीज. यंत्राच्या खालच्या पट्टीवर व्होल्ट आणि हर्ट्झ लिहिलेले असतात. व्होल्टचा फरक ट्रान्सफॉर्मरने निघतो, हर्ट्झचा निघत नाही. मोटरची गती विजेच्या वारंवारतेवर चालते, म्हणून 60 हर्ट्झसाठी बनवलेलं यंत्र 50 हर्ट्झवर लावलं तर 33⅓ च्या जागी थाळी 28 च्याही किंचित खाली फिरते. गायक झोपेत गातोय असं वाटतं. त्यासाठी मोटरच्या दांड्यावरची पुली बदलावी लागते आणि ती सगळ्या यंत्रांची मिळत नाही.

तिसरं, टोनआर्म हलवून पाहा. तो हलकेच वर-खाली आणि आडवा करा. तो कुठे अडखळत असेल, खडखडत असेल तर बेअरिंग गेलेलं आहे. आणि 1950 च्या आधीच्या यंत्रांत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग तडकलेले, फुगलेले असू शकतात. असे भाग जुळवता येत नाहीत, अशा यंत्राच्या नादी लागू नका.

यंत्र दुरून मागवत असाल तर पाठवणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की थाळी काढून वेगळी गुंडाळा, टोनआर्म बांधा आणि प्रवासाचे स्क्रू आवळा. हे चेंजर स्प्रिंगांवर तरंगतात आणि ते स्क्रू त्यांना पेटीशी घट्ट धरतात. माझ्याकडे आलेल्या पहिल्या यंत्रात पाठवणाऱ्याने यातलं काहीच केलं नव्हतं. वाटेत थाळी सुटली, टोनआर्मवर आदळली आणि नळी पार वाकली. खोकं उघडलं तेव्हा रडू आलं. घरी आल्यावर तेच स्क्रू उलट सैल करायला विसरू नका, नाहीतर मोटरची थरथर थेट सुईत जाते.

पहिली फेरी हाताने

यंत्र आलं की लगेच प्लग लावू नका. वीज जोडलेली नसताना एक जुनी, बिनमोलाची रेकॉर्ड स्पिंडलवर चढवा, टोनआर्मवर सुईचं संरक्षण असेल तर ते लावा, यंत्राचा खटका 'ऑटो'वर न्या आणि थाळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हाताने सावकाश फिरवा. टोनआर्म उचलण्यापासून सुई उतरेपर्यंतची एक फेरी पूर्ण व्हायला थाळीचे बरेच फेरे लागतात, घाई करू नका.

बोटांना काय जाणवतं त्याकडे लक्ष द्या. आधी थाळी हलकी फिरते. मग आत कुठेतरी एक 'टक' होतं आणि थाळी जड लागते, मोठं चाक गुंतलं. टोनआर्म जागेवरून उचलला जातो, बाहेरच्या बाजूला झुकतो आणि थांबतो. आता स्पिंडलची बोटं आत जातात आणि रेकॉर्ड हलक्या 'थप'सह खाली येते. पडता पडता तिची कड एका छोट्या चाचपणाऱ्या तरफेला लागते, त्यावरून यंत्र ओळखतं की रेकॉर्ड बारा इंची आहे की सात. काही यंत्रांत हे काम टोनआर्म स्वतःच कडेला टेकून करतो. मग टोनआर्म आत येतो, कडेच्या मोकळ्या चरावर उभा राहतो आणि खाली उतरतो. थाळी पुन्हा हलकी होते.

जिथे थाळी अडेल तिथे थांबा. जोर लावू नका. टोनआर्म मध्येच कुठे अडकला तर त्याला हाताने ओढू नका. चेंजरचे जितके मोडलेले भाग मी पाहिलेत, त्यातले बहुतेक फेरी चालू असताना कुणीतरी टोनआर्म खेचल्यामुळे मोडलेले होते. अडलं त्या जागी यंत्राचा खालून फोटो काढा, तोच तुमच्या दुरुस्तीचा पहिला धागा.

सगळ्या आजारांचं एकच मूळ: वाळलेलं ग्रीस

पन्नास-साठ वर्षांत कारखान्यातलं ग्रीस डिंकासारखं होतं. तपकिरी, चिवट, थंडीत तर दगडच. विकणारा 'ऑटो चालत नाही, पण बाकी ठीक आहे' म्हणतो, तेव्हा दहातल्या आठ वेळा काहीच मोडलेलं नसतं, हलणारा भाग चिकटलेला असतो. मोडलेल्या चेंजराची किंमत देऊन चांगला चेंजर मिळण्याची संधी इथेच असते.

थाळी काढा. बहुतेक यंत्रांत मध्ये एक गोल क्लिप असते, ती लहान स्क्रूड्रायव्हरने उचकटताना दुसऱ्या हाताने झाकून धरा, उडाली की सापडत नाही. थाळीखाली वॉशर आणि बारीक गोळ्यांचं बेअरिंग असतं. कोणता वॉशर वर, कोणता खाली, याचा फोटो घ्या. थाळीच्या खाली आता ते मोठं दातेरी चाक समोर येईल, त्याच्या पाठीवर चरासारखी वळणं कोरलेली असतात आणि त्यांत लहान दांडे फिरतात. ग्रीस तिथेच साठलेलं असतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घ्या. वळणातला थर आधी लाकडी काडीने खरवडून काढा, मग अल्कोहोलने पुसा. खिटी हा सर्वांत नाजूक भाग. ती आपल्या दांड्यावर फुंकरीने हलली पाहिजे. खरंच फुंकून पाहा. हलत नसेल तर तिच्या सांध्यावर अल्कोहोलचा एक थेंब सोडा, पुढे-मागे हलवत राहा, मळ विरघळून वर येईल तो टिपून घ्या, आणि असं तीन-चार वेळा करा. खिटीच्या सांध्याला नंतर तेल घालू नका, फार तर सुईच्या टोकावर येईल इतकं. तिथे घातलेलं तेल धूळ धरतं आणि वर्षभरात पुन्हा तोच खेळ. मोठ्या चाकाच्या वळणांत मात्र पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात द्या. ढीग करू नका.

हेच अल्कोहोल शेलॅकच्या रेकॉर्डवर कधीही वापरू नका. शेलॅक त्यात विरघळतं आणि रेकॉर्ड कायमची जाते.

डुअल असेल तर आणखी एक जागा तपासा. टोनआर्मला बाहेर-आत नेणाऱ्या तरफेच्या टोकावर रबराचं चिमुकलं टोपण असतं, जर्मन कारागीर त्याला 'श्टॉयरपिंपल' म्हणतात. ते कुजून गळून गेलं की टोनआर्म उचलला जातो, पण बाजूला सरकत नाही, किंवा भलत्याच जागी उतरतो. योग्य जाडीच्या विजेच्या तारेचं आवरण मिलिमीटर-दोन मिलिमीटर कापून तिथे बसवलं की काम भागतं. आख्खं यंत्र भंगारात जायला हे एवढंसं टोपण कारण झालेलं मी पाहिलंय.

रबर, मोटर आणि एक धोकादायक कपॅसिटर

बहुतेक जुन्या चेंजरांत मोटरचा दांडा आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये रबराची कड असलेलं एक चाक असतं, त्याला आयडलर म्हणतात. रबर कडक झालं की घसरतं. गंमत म्हणजे गाणं वाजताना ते कळतही नाही, कारण तेव्हा भार कमी असतो. फेरी सुरू झाली की थाळी मंदावते, कधी थांबते. तेव्हा फेरी अर्ध्यावर थांबत असेल आणि ग्रीस तुम्ही साफ केलेलं असेल तर आयडलर पाहा. रबर अल्कोहोलने पुसा, चकाकी आली असेल तर अगदी बारीक पॉलिशपेपरवरून हलक्या हाताने फिरवा. थाळीची आतली कडही पुसा, तिथे बोटांचं तेल बसलेलं असतं. रबरावर खळगा पडला असेल तर दर फेऱ्याला 'धप धप' ऐकू येतं, अशा वेळी चाक नव्या रबरात करून घ्यावं लागतं.

मोटरच्या वरच्या आणि खालच्या बेअरिंगमध्ये हलक्या मशीन ऑइलचे एक-दोन थेंब. थेंब म्हणजे थेंबच, कारण जास्तीचं तेल उडून रबरावर गेलं की पुन्हा घसरण. मोटर ज्या रबरी बुचांवर टांगलेली असते ती चपटी झाली असतील तर बदला, घरघर कमी होण्यात याचा वाटा मोठा आहे.

स्विचला जोडलेला एक छोटा कपॅसिटर असतो, ठिणगी दाबण्यासाठी. कागदी थराचे जुने कपॅसिटर भेगाळतात आणि एके दिवशी धूर काढतात. तो आधीच बदलून टाका, त्याच मूल्याचा आणि एक्स2 वर्गाचा, म्हणजे थेट घरच्या विजेवर जोडायला बनवलेला. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. वायर कडक, तडकलेली असेल तर तीही त्याच वेळी.

सुई आणि कार्ट्रिज

इथे कंजुषी करू नका. यंत्राबरोबर आलेली सुई कितीही चांगली दिसली तरी तिचं वय तुम्हाला माहीत नाही. नवी सुई बसवल्याशिवाय आपली एकही रेकॉर्ड त्यावर ठेवू नका. 78 साठी सुईचं टोक बरंच रुंद लागतं, साधारण 75 मायक्रॉन. स्टिरिओ एलपीसाठी 18 च्या आसपास. जुन्या कार्ट्रिजांत सुई उलटवायचा छोटा खटका यासाठीच असतो.

आत क्रिस्टल कार्ट्रिज असेल तर ते बहुधा मेलेलं असतं, कारण त्यातला रोशेल मिठाचा स्फटिक दमटपणाने बिघडतो. त्याच्या जागी सिरॅमिक बसतं. सिरॅमिकचा आवाज जोरकस असतो, त्याला ॲम्प्लिफायरचा 'फोनो' इनपुट (क्षीण संकेत वाढवणारा) लागत नाही, पण एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. साध्या लाइन इनपुटला जोडलं तर खर्ज पातळ होतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज काही मिलिव्होल्टच देतं, त्याला फोनो इनपुट हवाच. मॅग्नेटिक बसवायचं तर आधी टोनआर्म दोन-तीन ग्रॅमवर चालणारा आहे का आणि तेवढ्या दाबावर खिटी चालते का, हे पाहा. बीएसआरच्या जुन्या टोनआर्मवर नाजूक कार्ट्रिज लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. दाब मोजायला डिजिटल काटा घ्या, यंत्रावरच्या आकड्यांवर विसंबू नका, त्यातली स्प्रिंग आता म्हातारी झाली आहे.

जुळणी आणि पहिली चळत

यंत्र पातळीत ठेवा. चेंजर वाकडा असेल तर खिटीवर एका बाजूने भार येतो. गती स्ट्रोबोस्कोपच्या चकतीने तपासा, तिच्यावरच्या रेघा दिव्याखाली स्थिर दिसल्या की गती बरोबर. 50 हर्ट्झच्या दिव्याखाली 33⅓ साठी 180 रेघा, 60 हर्ट्झला 216. बरेच एलईडी दिवे वारंवारतेबरोबर लुकलुकत नाहीत, त्याखाली रेघा स्थिर दिसणार नाहीत, म्हणून जुना पिवळा दिवा वापरा.

सुई कडेच्या बाहेर पडते किंवा गाणं सुरू झाल्यावर उतरते? टोनआर्मच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, बहुतेक यंत्रांत वरूनच पोचता येतो. पाव फेरा फिरवा, पूर्ण फेरी चालवून पाहा, मग पुन्हा पाव. बारा इंची रेकॉर्डवर जुळवलं की सात इंचीवरही तपासा. दोन रेकॉर्डी एकदम पडत असतील तर आधी दुसऱ्या रेकॉर्डींवर पाहा, कारण पुष्कळदा दोष रेकॉर्डच्या रुंद झालेल्या भोकाचा असतो.

चळत तीन-चार रेकॉर्डींचीच लावा. यंत्र सहा, आठ घेतं म्हणून तेवढ्या चढवायलाच हव्यात असं नाही. वरच्या रेकॉर्डी खालच्यांवर घसरायला लागल्या की सूर डोलतो, आणि तीनमध्ये हे होत नाही. प्रत्येक रेकॉर्ड लावण्याआधी मऊ ब्रशने पुसा. वाकलेली रेकॉर्ड चळतीत घालू नका, ती एकटीच वाजवा. उतरवताना सगळी चळत दोन्ही हातांनी कडेला धरून सरळ वर उचला, तिरकी केली की स्पिंडलच्या बोटांवर ताण येतो.

शेवटची रेकॉर्ड संपली की टोनआर्म जागेवर जाऊन बसतो आणि यंत्र स्वतःच बंद होतं. त्याला ते करू द्या. भिंतीवरचं बटण मध्येच बंद केलं तर आयडलर थाळीला दाबून तसाच राहतो, आणि महिनाभर तसा राहिला की रबरावर खळगा पडतो. बंद झाल्यावर खटका खरोखर 'ऑफ'वर आला का आणि थाळी हाताने मोकळी फिरते का, तेवढं पाहून मगच झाकण लावा.